विमानाच्या उड्डाणात युद्धनौकेच्या वेगाचे महत्त्व

विमानवाहू युद्धनौकेवरून विमान आकाशात झेपावते ते केवळ स्वतःच्या इंजिनाच्या बळावर नव्हे. नौकेचा वेगही त्यास हातभार लावतो. १९७१ च्या युद्धात 'आयएनएस विक्रांत'ला नेमकी याच वेगाची उणीव भासली होती.

वाऱ्याचे गणित

विमानाला वर उचलणारा जोर पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असतो. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने धावते. समोरून १० नॉटचा वारा असताना नौका २४ नॉटने गेली, तर डेकवर उभ्या असलेल्या विमानाला ३४ नॉटचा वारा आयताच मिळतो. (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.) समजा, उड्डाणासाठी १०० नॉट आवश्यक आहेत, तर उरलेले ६६ नॉट विमानाचे इंजिन आणि कॅटापल्ट, म्हणजे विमान पुढे फेकणारे यंत्र, यांनी मिळवून द्यायचे. नौकेचा वेग १६ नॉटवर घसरला, की हाच आकडा ७४ होतो. फरक आठच नॉटचा. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढत असल्याने ती सुमारे २५ टक्के अधिक लागते. ते शक्य नसेल, तर इंधन किंवा बॉम्ब कमी करावे लागतात.

तडे गेलेले बॉयलर

१९६१ मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'चा कमाल वेग सुमारे २५ नॉट होता. १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या बॉयलरना तडे गेल्याचे आढळले. युद्ध तोंडावर आल्याने वेगावर मर्यादा घालून ती बंगालच्या उपसागरात नेण्यात आली. तेव्हा तिचा वेग जेमतेम १६ नॉटच्या आसपास होता. नौका पुढे नेणारी आणि कॅटापल्ट चालविणारी वाफ बॉयलरमधूनच येत असल्याने अडचण दुहेरी होती. शिवाय तिच्या शोधात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी निघालेली होती. संथ नौका पाणबुडीला सोपे लक्ष्य ठरते. तरीही ४ डिसेंबर १९७१ रोजी 'विक्रांत'वरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढविले.

कॅटापल्ट नाही, तरीही वेग हवाच

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'वर कॅटापल्ट नाही. डेकचे टोक वर उचललेले असून, त्या चढावरून विमाने झेपावतात. यंत्राचा धक्का नसल्याने समोरच्या वाऱ्याचे मोल येथे अधिकच वाढते. या नौकेत बॉयलरऐवजी गॅस टर्बाइन असून, तिचा कमाल वेग २८ नॉट आहे.

मुळशीच्या शेजारी, लोणावळ्यातील 'आयएनएस शिवाजी' येथे नौदलाच्या अभियंत्यांना युद्धनौकांच्या यंत्रसामग्रीचे प्रशिक्षण दिले जाते. वैमानिकाच्या उड्डाणाची निम्मी तयारी इंजिनकक्षात होते, हाच 'विक्रांत'च्या अनुभवाचा अर्थ आहे.