करार कशावर टिकतो? दाभोळपासून औंढा नागनाथपर्यंत

परकीय गुंतवणुकीची चर्चा आपल्याकडे मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे क्वचितच जाते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची ओळख तर हळद, औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांची नरसी अशी. कारखानदारीशी या जिल्ह्याचे नाव कोणी जोडत नाही. तरीही अमेरिकेची अत्यंत मोलाची यंत्रसामग्री याच जिल्ह्यात यायची आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. तिची वाटचाल रत्नागिरीच्या दाभोळ वीज प्रकल्पाशेजारी ठेवून पाहिली, की परदेशी भागीदार सरकारी धोरणात नेमके काय जोखतो ते कळते. माझे म्हणणे असे, की राजकीय जोखमीचे खापर आपण सत्तांतरावर फोडतो, पण तिचे मूळ त्याआधीच रुजलेले असते. करार बंद दाराआड झाला की जोखीम त्याच दिवशी जन्मते. सत्तांतराने ती फक्त उघडी पडते.

दाभोळचा करार हे याचे ठसठशीत उदाहरण. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीबरोबर प्राथमिक समझोता झाला आणि ८ डिसेंबर १९९३ रोजी राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा निघाली नव्हती. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने १९९३ मध्येच कळवले होते. मंडळाने वीज उचलली नाही तरी उपलब्ध क्षमतेचे पैसे मोजायचे होते आणि दर डॉलरशी बांधलेला होता. त्यावर राज्याची हमी होती आणि केंद्राची प्रतिहमीही. कंपनीच्या वाट्याची जवळजवळ प्रत्येक जोखीम अशा रीतीने सरकारने स्वतःकडे घेतली. १९९३ मध्ये साधारण ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्ये ४७ रुपयांच्या आसपास गेला, तेव्हा तो फरक मंडळाच्या, म्हणजे पर्यायाने ग्राहकाच्या माथी आला. कागदावर गुंतवणूकदाराला याहून सुरक्षित करार मिळणे अवघड होते.

पण हीच सुरक्षितता त्याच्या मुळावर आली. कराराचा तपशील गुप्त राहिल्याने संशय वाढला आणि १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत प्रकल्प हा प्रचाराचा मुद्दा झाला. शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेरविचार केला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. पुढे त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला, तोही दुसऱ्या टप्प्यासह. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. प्रकल्प सावरायला २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले. राज्याला महागडी वीज आणि लवादाचे खटले मिळाले. गुंतवणूकदारांची वर्षानुवर्षांची उमेद आणि भांडवल गेले.

यावर असे विचारले जाईल, की अन्यायकारक करार लोकनियुक्त सरकारने पाळतच बसायचे का? मुळीच नाही. धोरण बदलण्याचा अधिकार हा लोकशाहीचा गाभा आहे. मात्र पुढच्यासाठी नियम बदलणे आणि मागच्या व्यवहारावर नवा नियम लादणे यांत मोठे अंतर आहे. व्होडाफोन कंपनीच्या करप्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर केंद्राने पूर्वलक्षी प्रभावाने करकायदा बदलला. तो डाग पुसायला ऑगस्ट २०२१ पर्यंत थांबावे लागले. कडक कर कंपनीला हिशेबात धरता येतो. कालच्या व्यवहारावर उद्या लागणारा कर धरता येत नाही.

जोखमीचा दुसरा झरा राज्य आणि केंद्र यांच्यातल्या दरीत आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. जूनमध्ये महाराष्ट्राने चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी तळेगावच्या कारखान्यासाठी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्याच सुमारास गलवानमध्ये भारत आणि चीनच्या सैन्यांत संघर्ष झाला आणि परवानगी कधी मिळालीच नाही. २०२२ मध्ये कंपनीने नाद सोडला. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. देशाच्या सुरक्षेसाठी केंद्राने घातलेली अट योग्य असू शकते. पण दिल्लीचा होकार येण्याआधी मुंबईत झालेली सही ही गुंतवणूक नसते, हे राज्याने लोकांना स्पष्ट सांगायला हवे होते.

आता लायगोकडे पाहू. ही यंत्रणा आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केली होती. तिथल्या सरकारने २०११ मध्ये निधीची हमी दिली नाही आणि भारताचे दार उघडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी, त्याच वर्षी ३१ मार्चला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानशी करार, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी, असे टप्पे पार पडले. २०११ ते २०२३ या काळात दिल्लीत एकदा आणि मुंबईत अनेकदा सत्ता बदलली, तरी प्रकल्प निवडणुकीच्या आखाड्यात ओढला गेला नाही. कारण देणेघेणे स्वच्छ होते: लेझर, आरसे आणि कंपनशोषक यंत्रणा अमेरिकेची, जमीन, इमारती, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या निर्वात नळ्या आणि मनुष्यबळ आपले. जागा निवडली ती जमिनीच्या शांततेसारख्या मोजता येणाऱ्या निकषांवर.

लायगोत नफा नाही, मग तुलना कशी, हा आक्षेप रास्त आहे. तिथे दर ठरवायचा नसतो, म्हणून भांडणही कमी. पण परदेशी भागीदाराचा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: आज दिलेला शब्द दहा वर्षांनी पाळला जाईल का? ऑस्ट्रेलियाचे आर्थिक पतमानांकन आपल्याहून कितीतरी वरचे, तरी यंत्रणा भारताकडे वळली. अर्थात तत्त्वतः मंजुरीपासून अंतिम मंजुरीपर्यंतची सात वर्षे हेही धोरणाचेच अपयश आहे. आणि जोखीम एकाच बाजूला नसते. २०२६ च्या अमेरिकी अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात लायगोच्या तिथल्या दोनपैकी एकच वेधशाळा चालवण्याची सूचना होती. यजमान देशालाही पाहुण्याच्या राजकारणाचा धोका असतो.

लोकशाहीच अस्थिर, एकहाती सत्ता भांडवलाला बरी, असेही म्हटले जाते. पण चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय शिकवण्यांच्या धंद्यात नफा आणि परकीय भांडवल या दोहोंना एका फटक्यात मनाई केली. तिथे ना आधी चर्चा, ना नंतर दाद. आपल्याकडे गोंधळ मोठा, पण तो ऐकू येतो; त्यातून सावध होता येते.

शेवटचा आक्षेप आकड्यांचा. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या थेट परकीय समभाग गुंतवणुकीपैकी सुमारे ३९ टक्के महाराष्ट्रात आली. मग चिंता कसली? चिंता वाटपाची आहे. धोरणाची शाश्वती नसली की भांडवल बंदर, विमानतळ आणि तयार पुरवठादारांच्या जवळ थांबते, कारण तिथे एक बेत फसला तरी दुसरा साधतो. अनिश्चिततेची किंमत सर्वाधिक मोजतो तो हिंगोलीसारखा कडेचा जिल्हा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, वसमतलाच हळद संशोधन केंद्र आहे. पण इथे कुरकुमिनचा कारखाना काढू पाहणारा परदेशी उद्योजक नाशिकचा कांदाही पाहत असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये ती उठवणे. शेतमालाचे धोरण असे फिरत असेल, तर हळदीवर वीस वर्षांची पैज कोण लावेल?

म्हणून मागास भागासाठी सवलतींची रक्कम फुगवत नेण्यापेक्षा तीन गोष्टी आधी व्हाव्यात. जमीन, वीज आणि करसवलतीचा प्रत्येक करार सहीआधी विधिमंडळासमोर आणि लोकांसमोर यावा. जाहीर केलेला परतावा ठरल्या तारखेला मिळावा. निर्यातीचे नियम बदलायचे तर हंगाम सुरू होण्याआधी बदलावेत. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही, आणि त्यांचा लाभ परदेशी कंपनीइतकाच वसमतच्या हळद उत्पादकाला होतो. ज्या सरकारचा शब्द स्वतःच्या शेतकऱ्याला भरवशाचा वाटत नाही, त्याच्या शब्दावर परका माणूस पैसा लावणार नाही.