भाषेचे कूळ आणि माणसाचे कूळ

मराठीत ‘दहा’, संस्कृतात ‘दश’, ग्रीकमध्ये ‘देका’, लॅटिनमध्ये ‘देकेम’! धातू व व्याकरण यांतही असेच साम्य पाहून संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास सांगितले. तो उगम काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात होता, असे आज पुष्कळ विद्वान मानतात.

यावरून कोणी रक्ताचा अभिमान धरील, तर तो आम्हांस निराधार वाटतो. भाषा शेजाराने, व्यापाराने, सोयरिकीनेही पसरते. मराठीचेच पाहा. ‘दहा’ संस्कृताकडून आला. पण ‘आम्ही’ म्हणताना श्रोत्याला वगळावयाचे आणि ‘आपण’ म्हणताना सामावून घ्यावयाचे, ही रीत द्राविड शेजाराची देणगी मानतात. भाषेची वंशावळ ही माणसांची वंशावळ नव्हे. हे आम्ही सांगितले खरे. पण लक्षात ठेवावयाचे ते आपण सर्वांनी.