वेबसाइटचा रंग उन्हात ठरवा

लातूर-नांदेडकडं मी वेबसाइट बनवून देतो. बोलणी सुरू झाली की गिऱ्हाईक आधी आवडीचा रंग सांगतं. ट्यूशनवाल्यांना लाल-पिवळं लागतं, नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळच्या लॉजवाल्यांना केशरी. रंग खुशाल तुमचा घ्या, त्यावरच्या अक्षराचा रंग मात्र मला ठरवू द्या, एवढंच माझं म्हणणं.

अक्षर वाचता येतं ते पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या उजळपणातल्या फरकामुळं, आणि हा फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे 21 ला 1, सगळ्यात जास्त. वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था साध्या मजकुरासाठी किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 धरते. आता आपलं केशरी (रंगाचा कोड एफएफ9933) घ्या. त्यावर पांढरं अक्षर भरतं जेमतेम 2.1. तिथंच गडद नेव्ही निळं टाकलं तर 7.5 आणि काळं टाकलं तर जवळजवळ 10.

एका लॉजमालकाला हे पटेना. ‘पांढरं कसं उठून दिसतंय की!’ म्हणाले. ‘मालक, फोन घेऊन जरा बाहेर या,’ म्हटलं. मे महिन्याचं ऊन. खोलीचं भाडं वाचायला त्यांनी स्क्रीनवर तळहाताची सावली धरली, आणि आत येता येता म्हणाले, ‘निळं करा.’

देवनागरीत तर जास्तच जपावं लागतं. अक्षर फिकं करडं केलं की अनुस्वाराचा ठिपका आधी गायब होतो आणि दुकानातली ‘भांडी’ ‘भाडी’ होतात.

अडतीवर सोयाबीनचा भाव चढला की हिरवा आणि उतरला की लाल दाखवतात. पण काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हा दोष बहुधा पुरुषांत असतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. म्हणून रंगाशेजारी ‘वाढ’ किंवा ‘घट’ असं लिहावंच.

लांबलचक मजकुराला मी किंचित पिवळसर पांढरी पार्श्वभूमी (एफएएफ8एफ3) आणि गडद करडं अक्षर (222222) देतो. फरक 15 च्या घरात राहतो आणि शुभ्र पांढऱ्याची तिरीपही येत नाही. काळ्यावर पांढरं दिसायला झोकदार, पण दृष्टिवैषम्य असलेल्यांना ती अक्षरं पसरल्यासारखी दिसतात.

वेबसाइट ताब्यात घेण्याआधी घरातला सगळ्यात स्वस्त फोन भरदुपारी अंगणात न्या आणि चष्मेवाल्या माणसाच्या हातात द्या. त्यानं डोळे बारीक केले, तर बिल देऊ नका. माझं असलं तरी.