नऊ नंबरची बस

सकाळी आठच्या सुमाराला बॅलार्ड पिअरला क्रूझ लागलेली असते आणि बाहेर बसगाड्या रांगेनं उभ्या असतात. प्रत्येक गाडीच्या काचेवर मोठा आकडा. तोच आकडा उतरणाऱ्या प्रवाशांच्या छातीवर स्टिकर होऊन येतो. नऊ नंबरच्या गाईडबाई माझ्या जुन्या ओळखीच्या. टूर कंपनीच्या परवानगीनं मी मागच्या सीटवर बसून त्यांची एक अख्खी फेरी पाहिली. मुंबई मी लहानपणापासून पाहत आले आहे. ती परक्या माणसाला चार तासांत कशी दाखवतात, हे मला पाहायचं होतं.

चार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यातला बराच वेळ रहदारीत जातो आणि चाळीसेक माणसं, त्यातली बहुतेक साठीपुढची, बसमधून चढता-उतरताना आणखी थोडा. उरलेल्या वेळात माणसं नेमकी कुठे उभी करायची, हे ठरवणं म्हणजे बाईंची खरी कारागिरी.

गेटवे सकाळीच घेण्यामागे ऊन होतं. सूर्य तेव्हा समुद्राच्या बाजूला असतो, म्हणून शहराच्या बाजूनं कमान सावलीत दिसते. समोरच्या ताजमहाल हॉटेलवर मात्र ऊन सरळ पडतं. बाईंनी सगळ्यांची तोंडं आधी ताजकडे वळवली. १९०३ साली हे हॉटेल उघडलं तेव्हा इथे कमान नव्हतीच. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आले तेव्हाही नव्हती. पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. एवढं सांगून मग त्यांनी लोकांना कमानीकडे वळवलं आणि एकच गोष्ट सांगितली: २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. गटात बरेच ब्रिटिश होते. बाई पुढे काही बोलल्या नाहीत, फोटोंसाठी वेळ दिला. वास्तुकार विटेट, बेसॉल्टचा दगड, घुमटाचा व्यास हे सगळं त्यांना पाठ आहे. त्यातलं काहीही त्या दिवशी त्यांनी काढलं नाही. माहीत असलेलं गिळून टाकणं किती अवघड असतं, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं.

बसमध्ये परत चढताना त्या डोकी मोजत नाहीत, रिकाम्या सीटा मोजतात. चूक होण्याचा संभव कमी, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हरशी बोलणं मोजकं. “दादा, पुढच्या थांब्याला दार फुटपाथला लावा, कुणाला रस्ता ओलांडायला नको.” मरीन ड्राइव्हवरून उत्तरेला जाताना समुद्र डावीकडे येतो आणि आर्ट डेको इमारती उजवीकडे. ओव्हल मैदानाजवळच्या इमारतींसह यातल्या काही २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. डावीकडच्यांना समुद्र, उजवीकडच्यांना गोलाईच्या गच्च्या. कुणाचीच तक्रार नाही.

गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मोठी बस उभी करणं हा रोजचा ताण. गाडी माणसं उतरवून पुढे जाते आणि ठरल्या मिनिटाला परत येते. मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की उतरत. बाईंनी बाहेरच, गुलमोहराच्या सावलीत, ४ जानेवारी १९३२ ची पहाट सांगितली: गांधीजींना याच घराच्या गच्चीवरून अटक झाली. आत गेल्यावर त्या गप्प. वरच्या मजल्यावरच्या खोलीत चरखे आणि साधी बैठक आहे; तिथे लोक आपापल्या गतीनं उभे राहिले आणि एका आजींनी टोपी काढून हातात घेतली.

महालक्ष्मीच्या धोबीघाटाबद्दल माझ्या मनात आधीपासून अढी होती. पुलावर उभं राहून खाली राबणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे, हे मला पटत नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण बाईंनी जे केलं ते मी इतरत्र पाहिलं नव्हतं. कॅमेरे बाहेर यायच्या आत त्यांनी काम समजावून सांगायला घेतलं. हॉटेलं, इस्पितळं, कपड्यांचे कारखाने, शेजारची घरं, सगळीकडचे कपडे इथे येतात. प्रत्येक कपड्यावर खूण असते, आणि त्या खुणेच्या भरवशावर तो बरोबर मालकाकडे पोचतो. “खालच्या दोरीवर एकाच रंगाच्या चादरी शोधा,” असं त्या म्हणाल्या आणि लोक माणसांऐवजी दोऱ्या न्याहाळू लागले. ही माणसं फार गरीब आहेत का, असं एकानं विचारलं. हा अनेक पिढ्यांचा धंदा आहे, भट्टी आणि हौद यांवर हक्क असलेली कुटुंबं इथे आहेत, आणि त्यांच्याकडे मजुरीला येणारेही आहेत, असं त्यांनी सरळ उत्तर दिलं. दयेला त्यांनी जागाच ठेवली नाही.

शेवटी बोरीबंदर, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. महापालिकेच्या इमारतीजवळच्या चौकात उभं राहिलं की फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या दोन्ही वास्तू एका नजरेत येतात: १८८८ चं स्टेशन आणि १८९३ चं महापालिका मुख्यालय. स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. दगडातले मोर, माकडं आणि पानं घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे सांगताना बाईंचा आवाज जरा चढला. मला तो चढलेला आवाज फार आवडला.

धक्क्यावर परतल्यावर आकडा जुळला, सही झाली. डबा खाता खाता त्यांनी दुपारच्या गटाची यादी उघडली. दोघेजण व्हीलचेअरवर. मणिभवनातला जिना त्यांच्यासाठी नाही, म्हणून तळमजल्याचं ग्रंथालय आणि छायाचित्रं सविस्तर दाखवायचं ठरलं. धोबीघाट पहिला, कारण उशीर झाला तर दोऱ्या रिकाम्या होतात. गेटवे आता शेवटी: चार वाजता ऊन पश्चिमेकडून येईल आणि कमानीची शहराकडची बाजू उजळेल. “ताज मागे राहील तेव्हा,” त्या म्हणाल्या आणि यादीवर क्रम बदलून ड्रायव्हरला हाक मारली.