एका फूटपट्टीचे अंतर

पोलादपूरहून महाडला आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांची सकाळची एस.टी. म्हणजे एक फिरती वादसभाच असते. परवा मीही त्याच गाडीत होतो. वाद चालला होता, आजवरचा आपला सर्वांत मोठा खेळाडू कोण? एकाने आजोबांकडून ऐकलेले गावसकरांचे नाव लावून धरले होते, दुसरा खाशाबा जाधवांचे घेत होता, तर तिसरा अविनाश साबळेच्या खाली उतरायला तयार नव्हता. शेवटी तिघेही माझ्याकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा."

मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. मीटरमध्ये किलोग्रॅम मिळवू नयेत एवढे मला नक्की कळते. धावा, पदके आणि सेकंद यांची बेरीज होत नाही. तेव्हा "मोठा कोण" हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि म्हटले, "यांतला प्रत्येक जण कशाशी झुंजला, ते मोजू या. ते मोजता येते."

प्रथम साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्याचे गाव. लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट, पुढे सैन्यात भरती, सियाचीनसारख्या ठिकाणी नेमणूक. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस. तीत धावपटूला 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे, म्हणजे एकूण 35 उड्या घ्याव्या लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते.

अडथळा पार करताना शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे 40 सेंटिमीटर वर उचलावा लागतो असे धरू, आणि धावपटूचे वस्तुमान 60 किलोग्रॅम मानू. एका उडीला लागणारी ऊर्जा 60 × 9.8 × 0.4, म्हणजे सुमारे 235 जूल. अशा 35 उड्यांची मिळून सव्वाआठ हजार जूल. वेगळ्या शब्दांत सांगायचे, तर हे 14 मीटर उंच चढण्याइतके काम झाले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून शाळेला येणारी मुले म्हणतील, "14 मीटर? एवढेच?" खरे आहे. पण हा चढ ताशी 22 किलोमीटर वेगाने पळता पळता चढायचा, आणि वर जाऊन मिळवलेली स्थितिज ऊर्जा खाली पाय टेकताच बहुतांशी वाया घालवायची. घाटात निदान वर पोचल्यावर चढ संपतो. इथे तो पस्तीस वेळा नव्याने सुरू होतो.

2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ही शर्यत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत संपवली. 1998 पासून त्या स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचेच धावपटू नेत होते. तो क्रम तुटला आणि साबळेला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण मिळवणाऱ्या अब्राहम किबिवोटची वेळ होती 8 मिनिटे 11.15 सेकंद. फरक 0.05 सेकंदांचा!

आता 3000 ला 491.2 ने भागा. सरासरी वेग येतो सेकंदाला 6.1 मीटर. त्याला 0.05 ने गुणा. उत्तर साधारण 30 सेंटिमीटर. तुमच्या दप्तरातली फूटपट्टी काढून पाहा. तीन किलोमीटर धावून, पस्तीस उड्या मारून सुवर्ण आणि रौप्य यांत उरले ते एवढे अंतर. 2024 साली पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत साबळेने 8 मिनिटे 9.91 सेकंद अशी वेळ देऊन आपलाच राष्ट्रीय उच्चांक मोडला.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव मात्र त्या गाडीत कोणीच घेतले नाही. मला ते घ्यावेसे वाटले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. सैन्यात असताना ते मुष्टियोद्धे होते. आता ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक.

भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला 1.34 मीटर, म्हणजे भराभर चालण्याइतका. पण सावित्रीच्या पात्रात जो कमरेइतक्या पाण्यातून चालला आहे, तो या आकड्याला हसणार नाही. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के वाढवायचा तर विरोध 21 टक्क्यांनी वाढतो आणि स्नायूंना 33 टक्के जास्त शक्ती पुरवावी लागते. ही सगळी शक्ती पेटकरांनी केवळ हातांतून काढली.

खाशाबांची झुंज वेगळी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल. कुस्ती लाल मातीतली, पण ऑलिंपिकमध्ये मॅटवर खेळायचे. मातीत पाय रुततो, मॅटवर तो वेगळ्याच रीतीने पकड घेतो. घर्षण बदलले की तोल सावरायची सारी सवय बदलते. 1948 साली लंडनला ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते.

आपल्याकडचा कबड्डीपटू पाय फाकवून, वाकून का उभा राहतो? गुरुत्वमध्य खाली जातो आणि त्याखालचा पाया रुंद होतो, म्हणून. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली की माणूस कोसळलाच. कुस्तीतील ढाक हा खाशाबांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याला मानेशी जखडून फिरवत खाली आणतात. मान जमिनीपासून दूर, त्यामुळे तरफेची भुजा लांब. तेवढ्याच बळाचे आघूर्ण कमरेला धरण्यापेक्षा जास्त मिळते.

राहिले गावसकर. 1971 साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा, आणि 1987 मध्ये कसोटीत दहा हजार धावा गाठणारा जगातील पहिला फलंदाज. कारकिर्दीचा बराच काळ ते हेल्मेटशिवाय खेळले. चेंडू ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटला, तर सुमारे 17.7 मीटर दूर असलेल्या फलंदाजाजवळ तो अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. डोळ्याने पाहून हात हलायला 0.2 सेकंद लागले, तर तेवढ्यात चेंडूने पावणेआठ मीटर काटलेले असतात. म्हणून चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटतानाच ओळखावा लागतो.

तुमचे 0.2 सेकंद किती, ते मघाच्याच फूटपट्टीने पाहा. मित्राला पट्टी उभी, शून्य खाली ठेवून धरायला सांगा. शून्यापाशी तुमची दोन बोटे न टेकवता उघडी ठेवा. तो न सांगता पट्टी सोडील, तुम्ही पकडा. पट्टी किती सेंटिमीटर घसरली ते वाचा, त्याची दुप्पट करून 980 ने भागा आणि वर्गमूळ काढा. 20 सेंटिमीटर आले तर 0.2 सेकंद. दहा वेळा करून सरासरी घ्या, कारण एखादा झेल नशिबाचाही असतो. एस.टी.त मात्र हे करू नका. आम्ही केले, आणि घाटवळणावर पट्टी पुढच्या बाकावरच्या आजींच्या टोपलीत गेली.