किस्सा: ग्रीक शाळेपासून इजिप्तच्या वाळवंटापर्यंत

ग्रीक जगात वक्तृत्व शिकू लागलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीलाच किस्सा दिला जाई. त्याला ‘ख्रेइआ’ म्हणत. नामवंत माणसाचे मार्मिक बोलणे किंवा कृती आणि तिला निमित्त झालेला प्रसंग, एवढाच त्याचा पसारा. तत्त्वज्ञ डायोजेनिसचा एक किस्सा फार गाजला. दांडगाई करणारा मुलगा दिसला, तेव्हा डायोजेनिसने मुलाला सोडून त्याला वळण लावण्यासाठी नेमलेल्या सेवकालाच मारले. असा किस्सा विद्यार्थ्याने एकवचनात, द्विवचनात, अनेकवचनात आणि प्रत्येक विभक्तीत फिरवून लिहायचा, मग फुलवायचा, शेवटी त्याचे समर्थन करायचे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर आणि लाकडी पाट्यांवर मुलांचा हा सराव आजही वाचता येतो.

एवढ्या घोटाईत किस्सा टिकला, पण त्याचा धनी बदलत राहिला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा डायोजेनिस लाएर्टियस एकच उत्तर कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या नावावर आढळते, अशी नोंद स्वतःच करतो. त्यामुळे घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून किस्सा कच्चाच. पण शहाणा माणूस कसा असावा, याची त्या समाजाची कल्पना त्यात लख्ख दिसते.

ज्यू परंपरेत किस्स्याला कायद्याचे वजन आले. सुमारे इ. स. 200 मध्ये सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या पहिल्याच प्रकरणात धर्मगुरू रब्बान गमालिएलची मुले मेजवानीहून मध्यरात्रीनंतर घरी येतात आणि संध्याकाळची प्रार्थना राहिल्याचे सांगतात. पहाट झाली नसेल तर ती म्हटलीच पाहिजे, असे वडील बजावतात. घरातला हा संवाद पुढच्यांसाठी दाखला ठरतो.

शुभवर्तमानांतील कैसराच्या कराचा प्रसंग मात्र ग्रीक साच्याच्या जवळ जातो: कैसराला कर द्यावा का, असा पेच टाकणारे लोक, नाणे आणि त्यांना निरुत्तर करणारे येशूचे उत्तर. अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान याने 1921 मध्ये अशा प्रसंगांचा वेगळा गटच पाडला.

चौथ्या-पाचव्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्व्यांभोवती किस्से जमले. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला अब्बा मोशेला बोलावले, तेव्हा तो गळका घडा घेऊन आला. आपली पापे अशीच मागे सांडत असताना आपण दुसऱ्याला कसे तोलायचे, असे त्याने विचारले आणि बंधूला क्षमा मिळाली. इथे चातुर्याची जागा नम्रतेने घेतली आहे. हे किस्से पुढे कुठे तपस्व्यांच्या नावांच्या अक्षरक्रमाने, तर कुठे विषयवार लावले गेले. विषयवार संग्रह सहाव्या शतकात लॅटिनमध्ये उतरला आणि पश्चिमेकडील मठांत वाचला जाऊ लागला.