पहिलीत विषय किती? चेन्नईच्या शाळांबद्दलचे काही समज

बदली होऊन चेन्नईला गेलेलं मराठी कुटुंब घराआधी शाळा शोधतं आणि शाळेत पहिला प्रश्न विचारतं, ‘पोर्शन काय आहे?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक गृहीतक असतं: मूल वर्षभरात काय शिकतं ते विषयांच्या यादीवरून कळतं. प्राथमिक वर्गांपुरतं तरी हे खरं नाही.

‘विषय जास्त तितकी शाळा चांगली.’ पहिलीच्या मुलाला संगणक, सामान्यज्ञान, तिसरी भाषा अशी आठ-आठ पुस्तकं देणाऱ्या शाळा पालकांना भारदस्त वाटतात. याच प्रकाराविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाली आणि 29 मे 2018 रोजी न्यायमूर्ती एन. किरुबाकरन यांनी अंतरिम आदेश दिला: सीबीएसई शाळांनी पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, या वर्गांना भाषा आणि गणित एवढंच शिकवावं, तिसरी ते पाचवीला त्यात परिसर अभ्यासाची भर घालावी. न्यायालयाने हे मनाने ठरवलं नव्हतं, एनसीईआरटीची आखणीच तशी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने परिपत्रक काढून पहिली-दुसरीच्या दप्तराला दीड किलोची मर्यादा घातली.

तमिळनाडू राज्य मंडळाची आखणी थोडी वेगळी आहे. पहिली-दुसरीला तमिळ, इंग्रजी, गणित आणि परिसर. तिसरीपासून परिसराचे विज्ञान आणि समाजशास्त्र असे दोन भाग होतात. पण नावं वेगळी म्हणून ज्ञान वेगळ्या खोल्यांत राहत नाही. चौथीच्या समाजशास्त्रातला ‘ऐन्तिणै’ हा भाग घ्या. प्राचीन तमिळ साहित्यातल्या संगमकाळच्या कवींनी भूमीचे पाच प्रकार मानले: डोंगराळ कुरिंजी, रानावनाची मुल्लै, शेतीची मरुदम, समुद्रकाठची नेय्दल आणि रखरखीत पालै. मूल यातून भूगोल शिकतं, पिकं आणि व्यवसाय शिकतं आणि पुढे तमिळच्या तासाला जुनी कविता समोर आली की तिची पार्श्वभूमी त्याच्याकडे आधीच तयार असते. मरीना किनाऱ्यावर वाळूत खेळणारं पोर नेय्दलचं, हे त्याला सांगावं लागत नाही. गणितातही आकडेमोडीच्या जोडीला आकृतिबंध, मोजमाप, वेळ आणि माहितीची मांडणी असे स्वतंत्र भाग आहेत. मराठी पालक मात्र पाढे शोधत बसतात. पाढे हवेतच, पण सममिती शिकवायला दारातल्या कोलमइतकं, म्हणजे तमिळ रांगोळीइतकं, हाताशी दुसरं काय आहे?

‘तमिळची 247 अक्षरं! आपल्या मुलाला कसं झेपेल?’ आकडा खरा आहे, भीती खोटी. 12 स्वर, 18 व्यंजनं, त्यांच्या गुणाकारातून 216 आणि एक आय्दम हे वेगळं अक्षर. म्हणजे ही बाराखडीच झाली. उलट क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे आणि जोडाक्षरांचा मराठीसारखा पसारा जवळपास नाही. व्यंजनावर ठिपका दिला की काम भागतं. अडचण आहे ती दुसरीकडे. तीन प्रकारचे ‘न’, दोन ‘र’ आणि बोलीपेक्षा बरीच दूर असलेली ग्रंथिक भाषा. या शेवटच्या बाबतीत तमिळ घरातल्या मुलालाही शाळेत नव्याने शिकावं लागतं. आणि ‘इंग्रजी माध्यम आहे, तमिळ टाळता येईल’ या आशेवर राहू नका: 2006च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत आणि 2014च्या आदेशाने सीबीएसईसारख्या मंडळांच्या शाळांतही तमिळ पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची केली.

‘चटईवर बसून कार्डं खेळतात, शिकतात कुठे?’ सगळ्यात घट्ट गैरसमज हाच. 2003 पासून चेन्नई महानगरपालिकेच्या शाळांत तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी कृतीआधारित शिक्षण आणलं. प्रेरणा आंध्रातल्या ऋषी व्हॅलीची. अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे पाडून त्यांची शिडी भिंतीवर लावायची. प्रत्येक मुलाने आपल्या पायरीचं कार्ड उचलायचं, लागेल तशी बाईंची किंवा पुढच्या पायरीवरच्या सोबत्याची मदत घ्यायची. आजारपणात आठवडा बुडाला तर मूल सोडलेल्या पायरीवर परत येई, वर्ग त्याला टाकून पुढे जात नसे. मुलांना हात पोचेल अशा उंचीवर भिंतभर फळे होते. हा प्रयोग 2007 मध्ये राज्यभर गेला. एकेका बाईंवर त्याचा ताण मोठा होता, हेही खरं.

मुलाने मुलाला शिकवणं या शहराला नवं नव्हतं. एग्मोरच्या अनाथालयात अँड्र्यू बेल 1789 मध्ये अधीक्षक झाला. स्थानिक शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली, मोठ्यांकडून धाकट्यांना शिकवून घेतलं आणि 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. ब्रिटनमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. तिथे मात्र तिच्यात घोकंपट्टी आणि काटकसर जास्त होती.

2022 पासून एण्णुम एऴुत्तुम, म्हणजे अंक आणि अक्षर, ही राज्य सरकारची मोहीम सुरू आहे. कोरोनाने बुडवलेली दोन वर्षं भरून काढायला ती आली. तीत मुलांची विभागणी इयत्तेने होत नाही, येतं काय यावरून होते: अरुंबु, मोट्टु, मलर, म्हणजे इवल्या कळीपासून फुलापर्यंत. तिसरीतलं मूल अजून अरुंबुवर असेल तर बाईंना तिथूनच सुरुवात करायची असते. पालकांना यात कमीपणा वाटतो. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

‘नापास करत नाहीत, म्हणजे तपासतच नाहीत.’ 2012-13 पासून वर्षाची तीन सत्रं झाली, पुस्तकंही सत्रागणिक वेगळी आणि हलकी झाली. गुणांपैकी 40 वर्षभरातल्या कृती आणि छोट्या चाचण्यांना, 60 सत्राअखेरच्या लेखी परीक्षेला अशी वाटणी ठरली. पाचवीला सार्वजनिक परीक्षा घ्यायची सरकारने 2019 मध्ये घोषणा केली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये मागे घेतली.

‘चेन्नईत हिंदी शिकायलाच मिळत नाही.’ सरकारी शाळांत 1968 पासून दोनच भाषा आहेत. पण 1918 मध्ये गांधीजींनी स्थापन केलेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचं मुख्यालय याच शहरात, टी. नगरला आहे आणि तिच्या परीक्षांसाठी शेजारच्या एखाद्या मामींकडे शिकवणीला जाणारी मुलं गल्लोगल्ली भेटतात. मराठी मुलाला तिथे लिपी आयती मिळते. अडतं ते ‘का’ आणि ‘की’पाशी, तमिळ मुलांसारखंच.